आमच्या चुलीचं पान

आमच्या गावात शिकारीचे वाटे घालायची रीत अशी : आधी पानं मांडायची, मग सुरी लावायची. शिमग्यात पालखी बसते त्या सहाणेसमोरचं अंगण झाडून घेतात आणि गावात जितक्या चुली तितकी केळीची पानं ओळीनं मांडतात. घरात दहा माणसं असोत की एकटी म्हातारी, पान एकच आणि वाटा सारखाच. पानं मांडून झाली, गावकरानं देवाला गाऱ्हाणं घातलं, की मगच जनावर फाडायचं. गावकर म्हणजे गावचा मुख्य मानकरी, त्याच्या शब्दाशिवाय सुरी हलत नाही. बाहेरच्या माणसांना ही रीत फार आवडते. मुंबईहून आलेला एक पाहुणा तर फोटो काढून म्हणाला होता, काय समता आहे तुमच्याकडे! मलाही ती तशीच वाटायची, आमचं पान मांडलं जात होतं तोवर.

माझ्या बाबांकडे टांगायचं काम असायचं. घरापासून खाली पऱ्ह्याच्या काठाला आमचा मांगर आहे, जांभ्याच्या चार भिंती आणि वर कौलं. पऱ्ह्याला उन्हाळ्यात पाणी नसतं, पण त्याच्या घळीतून वारा मात्र रात्रभर वर येतो. सांबरासारखं मोठं जनावर पडलं की त्याचे वाटे त्या दिवशी घालत नसत. पानांआधी एवढीच सुरी चालायची : रानातच पोट फाडून आतडी-कोथळा बाहेर काढायचा, आतून सुक्या फडक्यानं पुसून घ्यायचं, पाणी लावायचं नाही, बरगड्यांमध्ये काठी अडकवून पोट उघडं ठेवायचं आणि आणून मांगरात आढ्याला टांगायचं. खाली ओल्या पाल्याचा धूर, माश्या बसू नयेत म्हणून. सकाळपर्यंत मांस थंड आणि घट्ट होतं, आणि एक रात्र वाऱ्यावर राहिलं की शिजायलाही मऊ येतं. उष्णता हाडाजवळ बसून राहते, ती बाहेर पडली नाही तर मांस आतून जातं, हे बाबांनी मला लहानपणीच शिकवलं. मी तापट. चिडून भांडून घरी आलो की म्हणायचे, "तुलाव एक रात टांगायला पायजे मांगरात. मंग उतरंल राग."

सांबर मारणं गुन्हा आहे हे गावात प्रत्येकाला माहीत होतं. तरी मारत होते आणि खात होते, आणि आम्हीही खात होतो. स्वतःला वेगळं काढत नाही मी.

एका पहाटे वनखात्याची माणसं आली. कुणी खबर दिली ते आजवर कळलं नाही. ती सरळ मांगरात शिरली, आणि आढ्याला सांबर टांगलेलं. साहेबानं बाबांना विचारलं, कुणाचं आहे हे? बाबा म्हणाले, गावाचं. गावातल्या कुणाचं? बाबा म्हणाले, जितक्या चुली तितक्यांचं. बाबांना खोटं सुचायचंच नाही. घरात चहात साखर कमी पडली तर आईला वाईट वाटू नये म्हणून तरी खोटं बोलावं, तेही त्यांना जमत नसे.

बाबांबरोबर बंदुकवाल्यांवर आणि हाकाऱ्याच्या पुढाऱ्यांवरही केस झाली. देवरुखच्या कोर्टात खेपा सुरू झाल्या. गावाचं म्हणणं, यानं सगळं आपल्या अंगावर घ्यायला हवं होतं. त्याच्या मांगरात मिळालं ना, मग त्याचंच म्हणून सांगायचं, गावाचं नाव कशाला घ्यायचं? सहाणेवर बैठक झाली आणि आमचं घर वाळीत टाकलं. आमच्याशी बोलायचं नाही, आमच्याकडे खायचं नाही, लग्नाला बोलवायचं नाही, मयताला यायचं नाही. शिमग्यात घरोघर नाचणारी पालखी आमच्या बेड्यासमोर, म्हणजे अंगणाच्या फाटकासमोर, आली की ढोल तेवढ्यापुरता बंद व्हायचा. आणि शिकारीत आमचं पान नाही.

त्याबरोबर गावानं आणखी एक ठरवलं, त्याची गंमत मला पुढे कळली. टांगलेलं मांस म्हणजे पुरावा. म्हणून यापुढे रानात पोट फाडायचं नाही आणि टांगायचंही नाही. जनावर पडलं की तसंच सहाणेसमोर आणून लगेच फाडायचं, गरम असतानाच वाटायचं, संध्याकाळपर्यंत सगळं शिजून संपलं पाहिजे. रागाच्या भरात बाबांना टाकलं आणि बाबांचं शहाणपणही टाकलं.

बाबा गेले तेव्हा पावसाचे दिवस होते. गावातून कुणी आलं नाही. मी, माझे मामेभाऊ आणि आम्हाला घेऊन आलेला टेम्पोचा ड्रायव्हर, एवढ्यांनीच त्यांना खांदा दिला. ड्रायव्हर आंजर्ल्याकडचा, बाबांना त्यानं जिवंतपणी पाहिलेलंही नव्हतं. चिखलात तो एकदा घसरला आणि तिरडी कलंडली. वाटेवरच्या घरांची दारं बंद होती, पण आतून टीव्हीचे आवाज येत होते. आई पडवीत उभी राहून ते सगळं बघत होती. त्या दिवसानंतर तिनं बाबांसाठी रडून घेतलं तेवढं घेतलं आणि मग तिला एकच घोर लागला. "माज्या येळंला गाव आला पायजे. परक्या मानसाच्या खांद्यावरना मी जायाची नाय."

मी रत्नागिरीला बंदरावर बर्फाच्या कारखान्यात नोकरीला. मी तिला म्हणालो, रत्नागिरीला चल. नाही. म्हणालो, वाळीत टाकणं हा आता गुन्हा आहे, कायदा झालाय, तक्रार करतो. तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शिवीच दिली. "तक्रार केलीस तर गाव आनखी लांब जायल. पोलिस येनार हायत काय माजी तिरडी उचलायला?" तिला साखरेचा त्रास, गुडघे गेलेले, दळणाला जायचं तर शेजारचं गाव गाठायचं. तरी ती तिथंच राहिली. दर शिमग्याला सहाणेच्या बाजूच्या आंब्याखाली जाऊन उभी राहायची आणि पानं मांडताना बघायची. मला त्या उभं राहण्याचा भयंकर राग यायचा.

त्या वर्षी शिमग्याला मी रजा काढून घरी आलो होतो. आईसाठी थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून बांगडे आणले होते. सकाळी गाव पारधीला गेला. डुकरांनी शेती उठवली असल्यामुळे आमच्याकडे डुकराला कुणी शिकार म्हणत नाही, बंदोबस्त म्हणतात. दुपार चढायच्या आत बार ऐकू आला. गोळी लागली ती पोटात. जखमी डुक्कर हाकाऱ्यातून निसटलं, उतारावरून धावत आलं आणि आमच्या काजूत, बांधाच्या आतल्या बाजूला कोसळलं. हातभर पलीकडे पडलं असतं तर हे काही लिहायची वेळ आली नसती.

कारण आमच्याकडे दुसरीही एक रीत आहे. जनावर ज्याच्या जमिनीत पडतं त्याच्या चुलीला वाटा गेलाच पाहिजे. तो नाकारला तर पुढल्या वर्षी शिकार लागत नाही, देव पाठ फिरवतो, असं मानतात. आता जमीन आमची आणि आमचं पान बंद. वासा घालून डुक्कर सहाणेसमोर आणलं, पेंढा पेटवून त्याचे केस जाळले, आणि पानं मांडायला घेतली तर प्रश्न उभा राहिला : आमचं मांडायचं की नाही? पानं ठरल्याशिवाय सुरी लागत नाही. आणि पान ठरेना.

एक बाजू म्हणे, देवानंच डुक्कर त्यांच्या काजूत पाडलं, देवाच्या मनात आहे. दुसरी म्हणे, आज पान मांडलं तर उद्या पालखी न्यावी लागेल. कुणीतरी केसच्या खेपांची आठवण काढली. कुणीतरी आम्हाला वाळीत टाकणाऱ्या जुन्या गावकराचा शब्द काढला. मधे चहा झाला. डुक्कर उन्हात पडलेलं होतं, अंगावर वीतभर चरबी, वरून पेंढ्यानं भाजलेलं, आत पोटात फुटलेली आतडी. मी आंब्याखाली आईजवळ उभा होतो. त्याचं पोट हळूहळू वर येत होतं.

माझं सगळं आयुष्य एकाच गोष्टीवर चाललंय : मासा होडीतून उतरला की तो वेळेत गार झाला पाहिजे. उशीर झालेल्या माशावर पुढे डोंगराएवढा बर्फ घातला तरी तो ताजा होत नाही. त्यामुळे मला ते बघवेना. मी पुढे गेलो आणि म्हणालो, "भांडण मागाहून करा. आधी पोट फाडा. गोळी आतड्यात लागली आहे, मांस सडतंय."

कुणी वळून बघितलं नाही. माझ्याशी बोलायचं नाही म्हणजे माझं ऐकायचंही नाही. ज्याच्याबरोबर मी शाळेत एका बाकावर बसलो तो काडीनं कान कोरत राहिला. गावकर शेजारच्याला म्हणाला, "वारा सुटला वाटतं जरा." दोघंतिघं हसले.

मी घरी गेलो, बांगडे टोपात ओतले आणि बर्फाचं खोकं आणून डुकराशेजारी ठेवलं. म्हटलं, बोलू नका, पण निदान हा वापरा. खोक्यालाही कुणी हात लावला नाही. मग मात्र माझं टाळकं सटकलं. बाजूला पडलेली सुरी मी उचलली आणि डुकराच्या पोटाशी बसलो. दहा माणसं उठली. तेवढ्यात आंब्याखालून आई ओरडली, "हात लावू नको! पोरा, हात लावशील तर माजा मेलेला तोंड बगशील!" तिच्या आवाजात असली भीती मी बाबांच्या मरणातही ऐकली नव्हती. मी एक घाव घातला असता तर पान कायमचं गेलं असतं, हे तिला माझ्याआधी कळलं. सुरी ठेवली आणि मागे आलो. बर्फाचं पाणी खोक्यातून गळून पानांच्या ओळीखाली गेलं.

उन्हं कलल्यावर गावकर उठला आणि त्यानं आमचं पान मांडलं. स्वतःच्या हातानं, ओळीत अगदी शेवटी. आईनं पदर तोंडाशी धरला. तिला मी त्या वेळी जितकं सुखी पाहिलं तितकं माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं, हे मला मान्य केलं पाहिजे.

मग सुरी लागली. पोट फाडलं तेव्हा आतली हवा फुस्सकन बाहेर आली आणि पुढे बसलेली माणसं मागे सरकली. आतलं मांस हिरवट पडलं होतं. कुणी नाक धरलं, कुणी म्हणालं, "रानाचा वास हाय, डुकराला असतोच." चार कळशा पाणी ओतून धुतलं, म्हणजे होती नव्हती ती घाण सगळीकडे पसरवली. वर मीठ चोळलं. देवाची शिकार फेकून कशी द्यायची? एवढं भांडून मांडलेली पानं रिकामी कशी उचलायची? वाटे पडले. आमच्या पानावर मांडीचा तुकडा आला, हाडासकट.

घरी आल्यावर मी सुरीचं टोक हाडाच्या कडेनं आत घातलं, बाहेर काढलं आणि आईच्या नाकाशी नेलं. तिनं तोंड फिरवलं.

"आये, हे विष आहे. शिजवून हे जात नाही. आपण पुरून टाकू. शिजवलं म्हणून सांगू, कोण बघायला येतंय?"

"येनार," ती म्हणाली. "आज येनार."

आणि खरंच आली. शेजारची बाई, जी इतकी वर्षं आमच्या विहिरीकडच्या वाटेवर आईला पाहून कमरेवरचा हंडा दुसऱ्या बाजूला घ्यायची, ती आमच्या पडवीत येऊन बसली. "काकी, शिजला काय गो वाटा?" म्हणाली. वाटा एकत्र बसून खाल्ला की घर परत गावात आलं, असा त्याचा अर्थ. गावकराच्या बायकोनंच तिला पाठवलं होतं. आईनं मसाला वाटला, तिखट दुप्पट घातलं, कोकमं घातली आणि कधी नव्हे ते मनाजोगतं शिजवलं. मी टोपाला हात घालायला गेलो तर तिनं उलथन्यानं माझ्या मनगटावर मारलं. एवढ्या मोठ्या माणसाला.

मी जेवलो नाही. म्हणालो, पोट बरं नाही. शेजारणीनं भात कालवला, रस्सा लावून दोन घास खाल्ले आणि मटण पानाच्या कडेला सारून ठेवलं. आई मात्र सगळं खात होती. हाड चोखून खाल्लं तिनं. खाताना बाई तिच्याशी बोलत होती, कुणाची सून कशी आहे, कुणाच्या पोरानं मुंबईत खोली घेतली, आणि आई प्रत्येक गोष्टीवर "व्हय गो? खरा काय?" म्हणत होती. ताटातलं काय आहे याकडे तिचं लक्षच नव्हतं. दारात बसून मी ते बघत होतो आणि मला ओरडायचं होतं, पण इतक्या वर्षांनी त्या घरात दोन बायका बोलत होत्या. मी ओरडलो नाही.

सकाळी ती न्हाणीत पडलेली सापडली. रात्रभर उलट्या-जुलाब झाले होते, मला उठवलं नव्हतं. पोरगा बोंब मारील, गावात कळेल, आपल्या पानानं आपल्याला बाधलं असं होईल, म्हणून. गावात आणखीही काही जण आजारी पडले, पण त्यांचं थोडक्यात निभावलं. हिच्या अंगातलं पाणी गेलं, साखर वाढली, मूत्रपिंडं बसली. आधी तालुक्याच्या दवाखान्यात आणि तिथून रत्नागिरीला. डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं तर म्हणाली, भात-आमटी.

वॉर्डात गावातली माणसं यायला लागली. शहाळी आणली, बिस्किटांचे पुडे आणले. गावकरसुद्धा आला, टोपी काढून खाटेशी उभा राहिला. माणसं गेली की आई मला विचारायची, कोण कोण आलं होतं, आणि मी नावं सांगितली की ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावायची. मी सांगत राहिलो. शेवटी शेवटी ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं, तरी सांगत राहिलो.

तिला गावात नेलं तेव्हा सगळा गाव बेड्यासमोर उभा होता. पुढच्या खांद्याला गावकर, मागे माझा शाळेतला तो सोबती. खांदे बदलायला माणसांची रीघ. वाटेवरचं एकही दार बंद नव्हतं. मी मडकं धरून पुढे चाललो होतो आणि मागे कुणाचा पाय घसरला नाही, तिरडी कलंडली नाही. हिला हवं होतं ते सगळं झालं. मला कुणाचा तरी गळा धरायचा होता आणि सगळे माझ्या आईला जपून नेत होते.

सुतकात शेजारीण पिठलं-भात घेऊन यायची. एकदा जेवण वाढता वाढता तिनं सांगून टाकलं. गावकराच्या घरात ते मटण चुलीवर चढलंच नाही. तिच्याही नाही. बहुतेक घरांनी अंधार पडल्यावर पऱ्ह्यात टाकलं, काहींनी कुत्र्यांना घातलं. ज्यांचं पान पक्कं होतं त्यांना फेकायची मुभा होती. "काकीलाव वाटला व्हता सांगावा," ती म्हणाली, "पन ती इतक्या आवडीन खात व्हती." मी भात तसाच ठेवून उठलो.

पुढल्या शिमग्याला मी गावाला गेलो नाही. बर्फ फोडायच्या यंत्राजवळ उभा असताना फोन आला. गावकर होता. डुक्कर पडलं होतं. या वर्षी गावानं ठरवलं होतं, घाई करायची नाही, रानातच पोट फाडलंय, आता रात्रभर वाऱ्यावर टांगायचं, पहिल्यासारखं. आणि आमचं पान मांडणार आहेत, घर बंद असलं तरी, हेही त्यानं आवर्जून सांगितलं.

"तुज्या बापसाच्या मांगरासारखी थंड जागा गावात नाय," तो म्हणाला. "चावी कोनाकडं ठेवलीस?"

मी यंत्र बंद करायला लावलं. म्हटलं, हे त्याला नीट ऐकू गेलं पाहिजे.

"चावी नाही. त्याला कुलूपच नाही. बाबा गेल्यापासून आईनं ना घराला लावलं, ना मांगराला. गावातलं कुणी आलं आणि दार बंद बघून परत गेलं तर, म्हणायची. नुसतं लोटलेलं आहे. ढकला, उघडेल."